तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?"

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझी बावीस वर्षं गेली. आधी एका फॅब्रिकेशन कारखान्यात खरेदी आणि हिशेब सांभाळले, आता लहान कारखान्यांच्या कामाची घडी बसवून देते. त्यामुळे लग्नात, लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनवर, पोह्यांच्या ठेल्यावर तर्री पडेपर्यंतसुद्धा हा प्रश्न येतो: "ताई, बिलं अडकून राहिली ना. सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?"

मी नाव सांगत नाही. उलट विचारते, शेवटचं बिल नेमकं कशाने अडलं होतं? यावर बहुतेक जण थबकतात. "अकाउंटमध्ये असंल," म्हणतात. मीही पूर्वी असंच म्हणायची.

मागच्या गल्लीत एक लेथवाले भाऊ आमचे बुश आणि शाफ्ट, म्हणजे यंत्रांचे सुटे भाग, करून द्यायचे. एक लेथ, दोन पोरं. महिना उलटला की त्यांचा फोन यायचा. "ताई, माह्या बिलाचं काय होऊन राहिलं? पोरांचे पगार द्याचे हायेत." मी अकाउंटला विचारायची, अकाउंट पर्चेसला, पर्चेस क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्यांना. खोटं कोणीच बोलत नव्हतं. बिल कुठे आहे हे खरंच कोणाला ठाऊक नसायचं.

एकदा मी त्यांचं एक बिल हातात घेतलं आणि त्याच्या मागे पेन्सिलीने वेळा लिहीत गेले. गेटवर नोंद, स्टोअरमध्ये मोजणी, क्यूसीचं माप, पर्चेसचा पीओशी (खरेदीच्या ऑर्डरशी) ताळा, अकाउंटची एन्ट्री, मालकांची सही. प्रत्यक्ष काम सगळं मिळून पन्नास मिनिटांचं, आणि बिल सुटायला लागले २३ दिवस. उरलेला सगळा वेळ ते पडून होतं. कधी ट्रेमध्ये, कधी क्यूसीच्या टेबलावर मायक्रोमीटरच्या डबीखाली, तर चार दिवस मालक रायपूरला गेले म्हणून.

अमेरिकेतल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांचा एक नियम गणिताने सिद्ध केला. तो इतका सोपा आहे की कारखान्याच्या भिंतीवर लिहावा: साचलेली कामं भागिले रोज सुटणारी कामं, म्हणजे सरासरी मुक्काम. आमच्याकडे तेव्हा १२० बिलं साचलेली होती आणि रोज सहा सुटत होती. म्हणजे २० कामाचे दिवस, मधले रविवार धरून २३. हा आकडा माझ्या पेन्सिलीच्या हिशेबाशी जुळला तेव्हा अंगावर काटा आला. आम्ही अकाउंटमध्ये आणखी एक माणूस घ्यायच्या बेतात होतो. पण गठ्ठा क्यूसीपाशी होता. अकाउंटमध्ये दहा माणसं बसवली असती तरी दिवसाला सहाच बिलं सुटली असती.

मग सिस्टिम घेतली. बिल कोणाकडे आहे, कधी आलं, पुढे कोणाकडे जायचं, हे स्क्रीनवर दिसायला लागलं. पहिले दोन महिने बरे गेले. चौथ्या महिन्यात भाऊंचा फोन पुन्हा सुरू झाला.

झालं असं होतं की आम्ही ५० बुश मागवले आणि ४० आले. स्टोअरच्या काकांसमोर स्क्रीनवर दोनच बटणं: मंजूर, नामंजूर. मंजूर म्हणावं तर माल कमी. नामंजूर म्हणावं तर उद्याच्या डिस्पॅचला लागणारे ४० बुश परत करायचे. काकांनी कुठलंच बटण दाबलं नाही. माल आत घेतला, वापरला आणि राहिलेले दहा येण्याची वाट पाहत बसले. काकांचं काही चुकलं नव्हतं. तिसरा रस्ता आम्ही ठेवलाच नव्हता.

तो दोन बटणांचा आराखडा आम्ही का तसा केला, हेही सांगते. कामाची घडी बसवण्याच्या क्षेत्रात फोर्डचं उदाहरण सगळे देतात, आणि ते आहेच तसं. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ते लिहिलं. उत्तर अमेरिकेतल्या फोर्डमध्ये पुरवठादारांची बिलं चुकती करणाऱ्या खात्यात पाचशेहून जास्त माणसं होती. संगणक आणून शंभरेक कमी करू, असा फोर्डचा आधी विचार होता. मग त्यांनी जपानच्या माझदाकडे पाहिलं. कंपनी लहान, पण तिथे हेच काम पाच माणसं करत होती. मग फोर्डने बिल जुळवणंच काढून टाकलं. ऑर्डर संगणकात, माल दारात आला की तिथला माणूस ऑर्डरशी ताडून पाहणार. जुळला तर आत, पैसे आपोआप. नाही जुळला तर माल परत.

त्या 'परत' शब्दावर आम्ही फसलो. फोर्ड माल परत पाठवू शकते, पुरवठादार दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणतो. हिंगण्यात उद्या सकाळी वाडीहून ट्रान्सपोर्टची गाडी लागणार असते आणि हातातले ४० नग सोन्याचे असतात. इथे अर्धवट माल येणं ही रोजची गोष्ट आहे. आम्ही तिला अपवाद समजून बाहेर ठेवलं, आणि सगळं काम त्या अपवादातून चाललं होतं.

त्या संध्याकाळी काकांनी कपाटातून जुनं गेट रजिस्टर काढलं. शेवटचा रकाना 'शेरा'. त्यात त्यांचं अक्षर: "१० बाकी, सोमवारी देतो म्हणाले." "गंज आहे, घासून घेतले." "ड्रॉइंग जुनं, साहेबांना विचारून ठेवले." कितीतरी वर्षं हा कारखाना त्या एका रकान्यावर चालला होता. आम्ही कन्सल्टंटला रजिस्टरचे बाकीचे सगळे रकाने दिले होते. शेरा दिला नव्हता, कारण त्यात 'ठरलेलं काही नसतं'.

आम्ही दोन वर्षांतले शेरे वाचून काढले. स्टोअरच्या फरशीवर खडूने बिलाची वाट आखली. कामाची वाट काढायच्या ठरलेल्या खुणा आहेत, बीपीएमएन म्हणतात. २००४ पासून आहेत आणि २०१३ मध्ये आयएसओचं मानक झाल्या. सुरुवात-शेवट गोल, काम म्हणजे आयत, निर्णय म्हणजे शंकरपाळी. आमच्या पहिल्या आराखड्यात सगळ्या वाटेवर दोन शंकरपाळ्या होत्या. खडूने आखल्यावर अकरा झाल्या. त्यातली प्रत्येक काकांनी सांगितली.

नव्या वाटेवर असं ठरलं: कमी माल आला तर आलेल्या नगांची पावती लगेच, बिलातला तेवढा भाग पुढे, उरलेल्यांची वेगळी नोंद. दुरुस्त करून घेतला तर डेबिट नोट (तेवढी रक्कम बिलातून कापल्याची चिठ्ठी) आणि बिल पुढे. क्यूसीला दोन दिवस, नंतर काम आपोआप इन्चार्जकडे. सही करणारा बाहेरगावी असेल तर त्याच्या जागी कोण, हे आधीच भरलेलं. फक्त एक गोष्ट कोणाच्याही सोयीसाठी सोडली नाही: ज्याने ऑर्डर दिली, त्याने पैशांना मंजुरी द्यायची नाही.

क्यूसीच्या मुदतीला कायद्याचाही आधार आहे, आणि हे फार कारखानदारांना माहीत नसतं. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, विकास कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि माल पोचल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचल्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. म्हणजे क्यूसीच्या टेबलावर बिल मुकाट पडून असतं तेव्हाही दिवस मोजले जातच असतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही हे आलं: मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च, पैसे प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी धरला जातो. मार्च अखेरीस सीए ओरडतात ते यामुळे.

पण मला आजही कायद्याआधी भाऊंचा फोन आठवतो. आमच्या ट्रेमध्ये पडलेला कागद त्यांच्या पोरांचा पगार होता, आणि आम्ही सगळे त्या ट्रेजवळून दिवसातून दहा वेळा जात होतो.

आता सॉफ्टवेअरचं. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट हे कारखान्याचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे खुल्या कोडचं आहे. त्यात कामाच्या अवस्था, कोणत्या भूमिकेने पुढे न्यायचं, कुठून कुठे जाता येतं, हे आपल्याला ठरवता येतं. झोहो कंपनीचंही चालतं. वीस माणसांच्या युनिटला मी कधीकधी फक्त एक सामायिक शीट आणि रोज सकाळी दहा मिनिटं उभ्याने बोलणं सुचवते, आणि त्यांना सहा महिने दुसरं काही लागत नाही. विकायला येणाऱ्याला मात्र एकच सांगा: "५० मागवले, ४० आले, त्यातले ३ गंजलेले, आणि साहेब रायपूरला. दाखवा." सगळं सुरळीत असलेलं बिल कोणीही दाखवतं.

शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते. या. कोटेशन आणू नका, जुनं गेट रजिस्टर आणा, आणि ते लिहिणाऱ्यांनाही सोबत घेऊन या. शेऱ्यातलं अक्षर त्यांनाच लागतं.