नाळेवरचा टवका

ऑगस्टचा शेवटचा आठवडा मालवणात कोणालाच पुरत नाही. 26 मेपासून बंद असलेली पर्यटकांची होडी वाहतूक 1 सप्टेंबरला सुरू होते, आणि तोवर ताडपत्रीखाली पडून असलेल्या सगळ्या फायबर होड्यांची कामं एकदमच निघतात. अशाच गडबडीत दांडीच्या किनाऱ्यावरून एक काका मला बोलवायला आले. धक्क्याला घासून त्यांच्या होडीच्या नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, जेलकोट उडाला होता. जेलकोट म्हणजे फायबरवरचा सगळ्यात बाहेरचा, रंगीत थर.

"नखाएवढो टवको आसा. तासाभराचा काम."

टवका खरंच नखाएवढा होता. पण त्याच्याभोवती केसासारख्या बारीक भेगा चांदणीसारख्या पसरल्या होत्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मी सगळीकडे ठोकून पाहिलं. आवाज खणखणीत आला, म्हणजे आतली काचतंतूंची मॅट शाबूत होती. भद्द आवाज आला असता तर काम वेगळं झालं असतं. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण मॅटला पाण्यापासून राखणारा थर तोच. आणि भेग नुसती वरून लिंपली तर काही महिन्यांत ती तिथेच पुन्हा उमटते. म्हणून प्रत्येक भेग त्रिकोणी पातीने खरवडून व्हीच्या आकारात मोकळी करावी लागते.

काकांना ते बघवेना. "रे, होता त्यापेक्षा मोठा करतंस!"

मी त्यांना जवळ बसवलं आणि भेगेचा तळ दाखवला. मग ते काही बोलले नाहीत.

आधी गोड्या पाण्याने मीठ धुतलं, जागा खडखडीत वाळू दिली, मग अ‍ॅसिटोनने जुनं वॅक्स काढलं. वॅक्स न काढता पॉलिशपेपर फिरवला तर तेच वॅक्स ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नवा जेलकोट धरत नाही. हे मी माझ्या मिस्त्रींकडून शिकलो. जेलकोट कडक करणाऱ्या हार्डनरचंही त्यांनीच शिकवलं. चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही, कारण एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) व हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट जेलकोटमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर शेवटी. माझ्याकडचा पोरगा हे पाठ म्हणून दाखवतो, तरी मी दर वेळी विचारतो.

आता रंग. पांढरा म्हणजे पांढरा, असं काकांना वाटत होतं. उन्हात दहा वर्षं उभ्या असलेल्या होडीचा पांढरा मात्र डब्यातल्या पांढऱ्यासारखा नसतो. मी पिवळ्या रंगाचे दोन थेंब, तपकिरीचा एक आणि काळ्याचा काडीच्या टोकाएवढा ठिपका घातला. बोटाने होडीवर लावून उन्हात पाहिलं, पुसलं, पुन्हा पाहिलं. तासभर त्यातच गेला. अखेर ठिपका कुठे संपतो आणि होडी कुठे सुरू होते ते कळेना, तेव्हा तीस ग्रॅममध्ये सिरिंजने अर्धा मिली हार्डनर टाकला आणि भेगा थोड्या उंचवट्याने भरल्या. वर झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, दाबून बसवली. हवेतला ऑक्सिजन लागला की हा जेलकोट वरून चिकटच राहतो. शीटखाली तो कडक होतो.

दुपारी चारला शीट काढली. नखाने दाबून पाहिलं, टणक. साबणाच्या पाण्यात 320, 600, 1000, 1500 नंबरचा वॉटर पेपर जाडपासून बारीक अशा क्रमाने मारला. बोट फिरवलं तरी जोड लागेना. मन भरून आलं. मग चकाकी आणणारं कंपाउंड लावून बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं पॅड, फिरवला, आणि माझा हातच थांबला.

बफ फिरला तिथला जुना भुरकट थर निघून गेला होता आणि खालचा खरा रंग वर आला होता, स्वच्छ, गार पांढरा. त्याच्या मधोमध माझं काम पिवळसर डागासारखं दिसत होतं. मी होडीचा रंग जुळवलाच नव्हता, तिच्यावर साचलेल्या उन्हाचा जुळवला होता. आधी हातभर जागा बफ करून मग रंग जुळवायला हवा होता. गर्दीच्या दिवसांत ती पायरी मी गाळली.

काका म्हणाले, "ऱ्हवांदे, पाण्यात कोण बघता."

पण तो डाग माझा होता. सकाळी सहाला येऊन मी भरलेलं सगळं पुन्हा खरवडून काढलं. या वेळी पिवळ्याचा अर्धा थेंब पुरला आणि तपकिरी लागलाच नाही. सावलीत, उन्हात, ढगाखाली, तिन्ही उजेडांत पाहूनच हार्डनर टाकला. दुपारी उशिरा बफ पुन्हा फिरला आणि माझ्याकडच्या पोराला ती जागा दाखवायला मला बोट ठेवावं लागलं.

काका मात्र तिथे बघतच नव्हते. ते होडीच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. "ही बाजू जुनी दिसता रे आता."

दिसत होती खरी. मग दिवा बाहेर ओढला, पोराने बफचं पॅड धुऊन आणलं आणि रात्री साडेदहापर्यंत आम्ही तिघांनी मिळून दुसरी बाजूही उजळवली. वॅक्सचा शेवटचा हात काकांनी स्वतः मारला.