आपला माणूस निवडून आलाय, म्हणूनच विचारायचं

गेल्या महिन्यात आमच्या सोलापुरातल्या प्रभागाच्या एका नगरसेवकांना गल्लीतल्या खराब रस्त्याबद्दल मी लेखी पत्र दिलं. त्याच रात्री फोन आला तो आमच्याच बाजूच्या एका कार्यकर्त्याचा. "काका, आपलीच सत्ता आहे आणि तुम्हीच असं करलालाव? समोरचे हसलालेत की." पोरगा चांगला आहे, माझ्या डोळ्यांसमोर वाढलाय. त्याला फोनवर जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितोय.

या नगरसेवकांना मत मी दिलंय. महापालिकेच्या मतदानाला, १५ जानेवारी २०२६ ला, ऐन गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या धामधुमीत, घरातल्या सगळ्यांना सोबत नेऊन दिलंय. त्यांच्या स्लिपा आमच्या गल्लीत मी वाटल्या. मग त्यांना जाब विचारायचा पहिला हक्क कुणाचा? विरोधकांनी विचारलं की "हे राजकारण आहे" म्हणून झटकता येतं. माझं कसं झटकणार?

विषय आमच्या गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्याचा. दोन पावसाळे धड गेले नाहीत तोवर कडेची खडी वर आली. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. आलेलं सूत काट्यावर चढवल्याशिवाय बिल पुढे जात नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत, झेरॉक्सला पानामागे दोन रुपये. पण अर्जात मागायचं काय, यावर सगळं अवलंबून असतं. "रस्ता खराब का झाला?" असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही, या कायद्यात कागद मागायचा असतो. मी कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची प्रत आणि निविदेतलं दोष दायित्वाचं कलम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची अट, मागितलं.

मोजमाप पुस्तक फार बोलकं असतं. लांबी, रुंदी, जाडी, तारीख आणि खाली अभियंत्याची सही. आमच्या रस्त्याची जाडी त्यात १५ सेंटिमीटर लिहिली आहे. एका घराने नळजोडणीसाठी रस्त्याची कड फोडली होती, तिथे आम्ही गल्लीतल्या चौघांनी पट्टी लावली. ११ भरली. थोडं पुढे सरकून पुन्हा लावली, साडेदहा. पट्टीवरचे आकडे दिसतील असे फोटो काढून ठेवलेत. सरकारी कामातल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचा हक्कही याच कायद्यात आहे, तो अर्ज आता तयार करतोय.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे दोष दायित्वाची मुदत अजून चालू आहे. म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची, आणि तोवर त्याची अनामत रक्कम सोडायची नाही. आमचे नगरसेवक मात्र प्रचारात सांगत होते, "या रस्त्यासाठी नवीन निधी आणतो." नवीन निधी कशाला? जुन्या ठेकेदाराला बोलवा. माझ्या पत्रात एवढंच आहे.

त्यावर तोंडी उत्तर मिळालं की हे काम प्रशासकांच्या काळातलं आहे. खरं आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. पण त्या रस्त्याचा नारळ फोडायला लोकप्रतिनिधी आले होते, आणि अनामत आजही कार्यालयाच्या ताब्यात आहे. आज अधिकार ज्यांच्याकडे, उत्तरही त्यांनीच द्यायचं.

आमच्या शहराने सत्ता कमी वेळा बदललेली नाही. महापालिका वर्षानुवर्षं काँग्रेसकडे होती, २०१७ ला भाजपकडे गेली. लोकसभेला २०१४ आणि २०१९ मध्ये भाजप, २०२४ मध्ये काँग्रेस. पाणी? ते चार-पाच दिवसांआडच. शंभर किलोमीटरवरचं उजनी धरण ११७ टीएमसीचं, ते काठोकाठ भरलं तरी पूर्व भागात बायका रात्री-अपरात्री पिंप भरत बसतात. उजनीवरून शहराला पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीचं नाव प्रत्येक प्रचारात निघतं. पण पाणी शहरापर्यंत आलं तरी पुढे टाक्या किती, आतल्या पाइपलाइन किती जुन्या, गळती कुठे, यावर मतं मागायला आलेल्या एकाही पक्षाच्या माणसाने आमच्या दारात तोंड उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही, कारण जो तो आपापल्या पक्षाला सांभाळून घेत होता. सांभाळून घेण्याची ही सवय मला भ्रष्टाचाराइतकीच घातक वाटते.

त्यात बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. २६ प्रभाग, १०२ जण. ड्रेनेज तुंबलं की पहिला म्हणतो दुसऱ्याला सांगा. म्हणून मी पत्राच्या प्रती चौघांनाही दिल्यात आणि चौघांचीही पोच घेतलीय.

पत्राची बातमी फुटल्यावर समोरच्या पक्षाच्या एकाने प्रत मागितली, त्याला म्हणे बॅनर करायचा होता. प्रत दिली. सोबत त्यांच्या नगरसेवकाच्या काळात आमच्याच वॉर्डात अर्धवट राहिलेल्या कामांची यादीही दिली आणि दोन्ही छापा म्हटलं. बॅनर काही लागला नाही.

चौघांकडे मागणी एकच केलीय. २००९ पासून महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद आहे, पण आमच्या भागात अशी सभा झालेली मी कधी पाहिली नाही. ती भरवा. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी, कारखाने सुटल्यावर. चौघेही समोर बसा, सोबत अभियंता असू द्या आणि मोजमाप पुस्तक टेबलावर असू द्या.

माझ्या अर्जाचा मजकूर ज्याला हवा त्याने मागावा, तुम्ही कुठल्या पक्षाचे हे मी विचारणार नाही. फक्त रस्त्याचं नाव बदला आणि पोच घ्यायला विसरू नका. नगरसेवकांचं लेखी उत्तर आलं की, ते माझ्या बाजूचं असो वा नसो, एकही ओळ न गाळता इथे टाकेन.