आमची बोट यादीत नव्हती

बोट फुगवलेली, ओबीएमला, म्हणजे बोटीच्या मागे लावायच्या इंजिनाला, पेट्रोल भरलेलं, पाचही पोरं लाइफ जॅकेट घालून तयार, आणि आम्ही शाळेच्या पटांगणात पावणेतीन तास बसून. गेल्या जूनमधली पुराची रंगीत तालीम मला आठवते ती अशी.

तालुक्याचं नाव सांगत नाही. पटांगण म्हणजे 'स्टेजिंग एरिया', पथकांनी जमून कामाची वाट बघायची जागा. आलेल्या प्रत्येक पथकाने तिथे फॉर्म ००६, म्हणजे हजेरीचा फॉर्म, भरायचा. आम्ही साडेसातला पोहोचलो, तर टेबलावर फॉर्म संपलेले; माणूस झेरॉक्स आणायला गेलेला. तेवढ्यात तलाठी म्हणाले घाटावर जा. नगरपरिषदेचे साहेब म्हणाले इथेच थांबा. मग हवालदार धावत आले, पुलाखाली माणसं अडकलीत, निघा! मला तेच हवं होतं. निघालो.

पुलाखालून पूरग्रस्तांचं नाटक करणारी कॉलेजची तीन मुलं काढली आणि छाती फुगवून वॉकीटॉकीवर कळवलं. पलीकडून प्रश्न आला, "पुलाखाली कोण? तुमची बोट कुठली?" नियंत्रण कक्षाच्या फळ्यावर आम्ही नव्हतोच. पुलाचं काम दुसऱ्या बोटीला दिलं होतं आणि ती आमच्या मागून येत होती. आम्हाला परत बोलावलं, आणि सुरू झाले ते पावणेतीन तास.

झेरॉक्स नऊला आल्या. फॉर्म भरून दिला. मग तो कागद ऑपरेशन्सच्या, म्हणजे प्रत्यक्ष बचावकामाच्या, नायब तहसीलदारांकडे गेला आणि तिथेच अडकला, कारण त्यांच्याकडे थेट अकरा बोटी होत्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत एकाच्या हाताखाली शक्यतो पाच, असं लिहिलंय. हे मला पटांगणात बसल्या बसल्या मोबाईलवर वाचायला मिळालं. त्याच्याच आसपास असंही होतं की हुकूम एकाच वरिष्ठाचा ऐकायचा. म्हणजे हवालदारांचा ऐकून निघालो ती चूक माझीच. पण अकरा बोटी एका माणसाकडे ही माझी चूक नाही, आणि त्याचा राग अजून आहे.

जेवणाची पाकिटं नोंदीवरून मोजली जातात. ती मोजली साडेआठला, म्हणजे आम्ही पुलाखाली होतो तेव्हा. पोरांनी वडापाव आणला, पैसे माझे.

अशा तालमीला कुणी जाणार असेल तर बोटीची माहिती घरूनच एका कागदावर लिहून चार प्रती न्या: लांबी, ओबीएमची ताकद, पेट्रोल किती तास पुरतं, माणसं किती बसतात. शेवटचा आकडा फुगवू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. वॉकीटॉकीवर "आम्ही बोलतोय" म्हणू नका, बोटीचं नाव सांगा. आणि हो, टेबलाशी पोहोचल्या पोहोचल्या पहिला प्रश्न हा विचारा की आमचा साहेब कोण. नाव लिहून घ्या. दुसरं कोणी काही सांगितलं तर त्या नावाकडे बोट दाखवायचं.

पावणेबाराला आम्हाला घाटावर धाडलं. तिथे एक आजोबा काठावर आणले, तेही नाटकातलेच, पण बोटीत उतरताना खरे घाबरले होते.

संध्याकाळी सुटताना पुन्हा त्याच टेबलावर सही करायची होती. पुढे चार पथकं. म्हटलं, तोवर बोटीची हवा काढून घेतो. पोरं म्हणाली, "दादा, आधी सही."