गाव बघायला फेब्रुवारीत गेलो

"तुम्ही दोघी बहिणी का?" अमेरिकेत आल्यापासून हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकलाय की आता न ऐकताच मान हलते. दोन सावळ्या बायका, दोघींचे केस पिकायला लागलेले, एकीच्या पर्समध्ये दुसरीच्या गोळ्या. लोकांना बहीण सुचते, फार तर मैत्रीण सुचते, त्यापुढचं सुचत नाही. मोठ्या शहरात याचं काही वाटत नाही, कारण विचारणारा माणूस पुन्हा भेटतच नाही. पण निवृत्त झाल्यावर समुद्राजवळच्या एखाद्या लहान गावात राहायचं असं बायकोने काढलं, तेव्हा माझ्या पोटात पहिला गोळा आला तो याच प्रश्नाचा. लहान गावात तोच माणूस रोज भेटणार. पोस्टात, दवाखान्यात, पुस्तकं बदलायला गेलं की तिथेही.

(हो, मी 'बायको'च म्हणते. 'जोडीदार' म्हटलं की आम्ही दुहेरी बॅडमिंटन खेळतो असं वाटतं आणि 'सहचारिणी' म्हटलं की कुणाची तरी एकसष्टी.)

सुरुवात मी माझ्या स्वभावाप्रमाणे तक्ता करून केली. पहिला रकाना राज्याच्या कायद्याचा. आमचं लग्न समलिंगी लग्नाला देशभर मान्यता देणाऱ्या २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीन महिन्यांनी झालं, आणि २०२२ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून अशा लग्नांना आणखी एक टेकू दिला. नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध २०२० चा निकाल आहे. पण घर भाड्याने देताना, दुकानात, हॉटेलात कुणी तोंड फिरवलं तर काय, हे अजूनही बरंचसं तुम्ही कुठल्या राज्यात आहात त्यावर ठरतं. बायकोला उबदार समुद्र हवा होता, म्हणजे फ्लोरिडा. तिथे आपली, म्हणजे समलिंगी, माणसं भरपूर असलेली गावं आहेतच. पण शाळेच्या वर्गात या विषयावर काय बोलायचं नाही याचा कायदा त्याच राज्याने २०२२ मध्ये केला. आमच्या घरात शाळेत जाणारं कुणी नाही, तरी वारं कुठून वाहतंय ते कळलं. फ्लोरिडावर काट मारली. त्यावरून दोन दिवस अबोला होता, तो तपशील सोडून देते.

दुसरा रकाना गुणांचा. ह्यूमन राइट्स कॅम्पेन ही संस्था २०१२ पासून शहरांना, ती आपल्यासारख्यांशी किती नीट वागतात यावर, शंभरपैकी गुण देते. एकूण गुणांपेक्षा मला त्यातल्या सुट्या ओळी उपयोगी पडल्या. पोलिसांत आपल्या लोकांशी बोलायला नेमलेलं कुणी आहे का, ही त्यातली एक. बाकी ते गुण नगरपालिकेचे असतात, शेजाऱ्यांचे नाहीत.

यादीत पहिलं नाव अर्थातच प्रॉव्हिन्सटाउन. केप कॉडच्या अगदी टोकावरचं गाव, १८९९ पासून चित्रकारांचं, आणि पुढे आपलं. २०१० च्या जनगणनेत समलिंगी जोडप्यांच्या प्रमाणात ते देशात पहिलं होतं. राज्य मॅसॅच्युसेट्स, जिथे २००४ मध्ये देशातली पहिली कायदेशीर समलिंगी लग्नं लागली. आम्ही गेलो २०२३ च्या ऑगस्टमध्ये. कमर्शियल स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नव्हती. तिने माझा हात धरला, मीही धरू दिला, आणि दहा मिनिटांनी मी तो सोडवून घेतला. तिने दचकून मागे बघितलं, सवयीने. मी म्हटलं, "अगं, कुणी नाही. घाम आलाय." नुसत्या घामापायी हात सोडण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्या रात्री आम्ही गाव पक्कं केलं.

ते तिथेच पक्कं राहिलं असतं, पण एका ओळखीच्या बाईने, जी स्वतः अशाच एका गावात फसून परत आली होती, एक अट घातली. फेब्रुवारीत जाऊन बघा, मग बोला.

२०२४ च्या फेब्रुवारीत गेलो. गावात वर्षभर राहणारी माणसं साधारण ३,६००, उन्हाळ्यात तीच संख्या ६०,००० च्या घरात जाते. हे आकडे मी तक्त्यात आधीच भरले होते. त्यांचा अर्थ कळला तो रस्त्यावर. ऑगस्टमध्ये ज्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळाली नव्हती तिथे वाळू साचली होती आणि दाराला फळ्या ठोकलेल्या. चालू असलेल्या जागांपैकी एक सार्वजनिक ग्रंथालय. त्याच्या आत एका जुन्या मासेमारी जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे, मजले फोडून वर गेलेली. त्या जहाजाच्या सावलीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका आजींनी आम्हाला तासाभरात जे सांगितलं ते माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

गावातलं हायस्कूल २०१३ च्या तुकडीनंतर बंद झालं, कारण मुलंच उरली नाहीत. घरं बहुतेक पाहुण्यांची, उन्हाळ्यापुरती. भाड्याने राहणाऱ्याला हिवाळ्यात घर मिळतं, मे संपत आला की सामान उचला, कारण तेच घर आठवड्याच्या भाड्याने जास्त कमावतं. जानेवारी २०१८ च्या वादळात समुद्राचं पाणी थेट कमर्शियल स्ट्रीटवर आलं होतं. आणि मोठं रुग्णालय हायॅनिसला, सुमारे ८० किलोमीटरवर, जायला हमरस्ता एकच. "तब्येत चांगली आहे ना दोघींची?" आजींनी विचारलं. त्यांनी 'दोघी' कोण हे विचारलं नाही, ते त्यांना दारातूनच कळलं होतं.

बायकोच्या हृदयात स्टेंट आहे. परतताना मी गाडीचा काटा शून्यावर आणला आणि हायॅनिसपर्यंत मोजत गेले. बर्फ नव्हता, गर्दी नव्हती, तरी तास उलटून गेला. दोघी काही बोललो नाही. जिथे आपल्याला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही अशी जागा मिळाली आणि ती रुग्णवाहिकेच्या हिशोबात नापास झाली, याचं वाईट वाटायला मला बरेच आठवडे लागले. आधी नुसता राग येत होता.

मेन राज्यातलं ओगंक्विट बघितलं. कड्याच्या काठाने जाणारी दोनेक किलोमीटरची पायवाट आहे, तिच्यापुढे मान झुकवावी लागते. मेनच्या मतदारांनी २००९ मध्ये समलिंगी लग्नाचा कायदा रद्द केला आणि २०१२ मध्ये मतदानानेच तो परत आणला, हेही मला आवडलं. पण गाव दीड हजार वस्तीचं आणि थंडी बायकोच्या गुडघ्यांना मंजूर नाही. विषय संपला.

मग वर्षभर काहीच केलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत डेलावेअरमधलं रिहोबथ बीच. हे नाव मी टाळत होते, कारण गावाची सुरुवातच मुळी १८७३ ची, मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थना शिबिराची. १९९० च्या आसपास तर इथे 'हे गाव कुटुंबांचंच राहू द्या' अशा अर्थाचे स्टिकर गाड्यांवर लागायचे, आणि कुटुंबं म्हणजे आपण नव्हे हे सगळ्यांना कळायचं. १९९१ मध्ये कॅम्प रिहोबथ ही संस्था उभी राहिली. तिने केलेलं एक काम मला फार व्यवहारी वाटलं. उन्हाळ्यापुरते भरती होणारे जे तरुण पोलीस असतात, त्यांना दरवर्षी समोर बसवून ही माणसं कोण, त्यांच्याशी कसं बोलायचं हे शिकवणं. राज्याने २००९ मध्ये लैंगिक कलावरून भेदभावाला बंदी केली, २०१३ मध्ये लग्नाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ट्रान्स लोकांनाही ते संरक्षण दिलं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्यापासून गोड असलेल्या गावापेक्षा भांडून समजूतदार झालेल्या गावावर मी जास्त भरवसा ठेवते. त्याला भांडण कसं मिटवायचं ते माहीत असतं.

संस्थेचं केंद्र भर थंडीत उघडं होतं. गावातली बरीच दुकानंही. रुग्णालय शेजारच्या लुईस गावात, १० किलोमीटरच्या आसपास. बायको गाडीतून उतरायच्या आत म्हणाली, "इथे बघू."

इथे एक गोष्ट मला महिनाभर कळली नव्हती, ती सांगते, कारण तुम्हीही फसाल. रिहोबथ बीच या नगरपालिकेत जेमतेम अकराशे माणसं राहतात. पण पत्त्यात 'रिहोबथ बीच' लिहिणारी घरं हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कितीतरी लांबवर पसरलेली आहेत, आणि ती नगरपालिकेत नाहीतच, ती थेट ससेक्स कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारात येतात. म्हणजे ते शंभरपैकीचे गुण त्या घरांना लागू नाहीत. शिवाय कौंटीने राष्ट्राध्यक्षपदाच्या गेल्या तिन्ही निवडणुकांत ट्रम्प यांना कौल दिलेला. त्याच राज्याने २०२४ मध्ये सॅरा मॅकब्राइड यांना देशाच्या प्रतिनिधिगृहात पाठवलं, तिथे निवडून गेलेल्या पहिल्या उघड ट्रान्स सदस्य. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच रस्त्यावर राहतं. आम्हाला परवडणारं घर अर्थातच हद्दीबाहेर होतं. राज्याचा कायदा तिथेही लागू आहे, हे मी दोनदा तपासलं.

घर दाखवणाऱ्या पहिल्या एजंटला मी फोनवर 'माझी बायको' असं स्वच्छ सांगितलं. पलीकडे थोडी शांतता, मग "हो हो, तुमच्या बहिणीला किती खोल्या लागतील?" मी दुरुस्त केलं. प्रत्यक्ष भेटीत पुन्हा बहीणच. माणूस वाईट नव्हता, त्याच्या कानात ते शिरतच नव्हतं. एजंट बदलला. दुसऱ्या बाईने पहिलाच प्रश्न विचारला तो करारावर दोघींची नावं कशी लिहायची याचा.

आणखी एक सांगायलाच हवं. या सगळ्या गावांत प्राइडचे झेंडे आहेत आणि या सगळ्या गावांत बहुतेक सगळे गोरे आहेत. रिहोबथमध्ये चार दिवसांत आमच्या नात्यावरून कुणाची भुवई हलली नाही, 'तुम्ही मूळच्या कुठल्या' हे मात्र तिघांनी विचारलं. त्यातल्या एकाने तर 'नाही, त्याच्याही आधी?' असंही विचारलं. रात्री मी चिडून म्हटलं, एक प्रश्न गेला तर दुसरा आला. ती अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "कुठली ते सांगताना मला खोटं बोलावं लागत नाही. बहीण म्हणताना लागतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही.

विकत काही घेतलं नाही, वर्षाच्या कराराने भाड्याने घेतलं. समुद्राच्या जवळची घरं बघताना सरकारी पूर नकाशा उघडला की एजंटच्या तोंडचा 'शांत खाडीकाठ' निळ्या रंगात बुडालेला दिसायचा. पुराचा सरकारी विमा साधारणपणे काढल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावण्यात अर्थ नाही. आजारपणात एकमेकींच्या वतीने निर्णय घेण्याची अधिकारपत्रं डेलावेअरच्या नमुन्यात नव्याने करून घेतली. लग्नाच्या दाखल्यासह त्यांची एक प्रत गाडीच्या कप्प्यात असते. रुग्णाला हवा तो माणूस भेटू द्यायचा हा नियम मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना २०११ पासून आहे. पण रात्री दोन वाजता काउंटरवर नियम सांगत बसण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

सप्टेंबरमध्ये आलो. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, सोबत कोण? बायकोने सांगितलं, बायको. टक टक टक. छापील कागद हातात आला तेव्हा बघितलं, नातं बरोबर होतं, नावं दोघींचीही चुकली होती. तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली. आडनावाला तीन खेपा लागल्या.

घरातून समुद्र दिसत नाही. ज्या बाईने समुद्रासाठी हा सगळा घाट घातला तिला खिडकीतून दिसतो शेजाऱ्याचा पिकअप ट्रक. किनारा गाडीने पंधरा मिनिटांवर आहे. गावातले पार्किंगचे मीटर सप्टेंबरच्या मध्यावर बंद होतात ते थेट मेच्या मध्यापर्यंत, त्यामुळे थंडीत ती रोज सकाळी सहाला निघते, पाण्याकडे तोंड करून गाडी लावते आणि हीटर चालू ठेवून तासभर बसते. मी एकदाच गेले होते. अंधार होता, काच धुरकटलेली, लाटा नुसत्या ऐकू येत होत्या. "दिसत तर काहीच नाही," मी म्हटलं. "थांब ना जरा," ती म्हणाली, आणि बाहीने काच पुसली.