आरोपी त्याच दिवशी सापडला, पण ती बाई कोण?

न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेत, एफ ट्रेनमध्ये बाईला जाळलं त्या प्रकरणावर आमच्या फॅमिली ग्रुपवर जे काय चाललं होतं ते बघून तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं. परवा कुणीतरी परत तोच फोटो टाकला, म्हणून आता लिहितेय. फोटोचं पुढे सांगते.

आधी झालं काय ते. २२ डिसेंबर २०२४, रविवार, सकाळी साडेसातचा सुमार. एफ ट्रेन शेवटच्या स्टेशनात, म्हणजे ब्रुकलिनच्या कोनी आयलंड-स्टिलवेल ॲव्हेन्यूला येऊन उभी राहिलेली. डब्यात एक बाई सीटवर न हलता बसलेली, झोप लागली असावी. त्याच डब्यातला एक माणूस शांतपणे तिच्याजवळ गेला, लायटरने तिच्या कपड्यांना आग लावली आणि खाली उतरून प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिला. स्टेशनात गस्तीवर असलेल्या पोलिसांना धुराचा वास आला, ते धावले, आग विझवली, पण बाई तिथेच गेली. याचा व्हिडिओ आहे आणि तो जगभर फिरला. मी त्याचं वर्णन करणार नाही, ज्यांनी नाही बघितला त्यांनी प्लीज शोधू पण नका.

एफ लाइन आपल्या लोकांना काही परकी नाही. क्वीन्समध्ये जमैकाला सुरू होते, जॅक्सन हाइट्सला थांबते, तिथे उतरून निम्मे देसी लोक कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि बाकरवडी घेऊन पिशव्या सांभाळत परत त्याच ट्रेनमध्ये चढतात, मग मॅनहॅटन, मग सगळं ब्रुकलिन पार करून समुद्रापर्यंत. आईबाबा इंडियातून आले की त्यांना कोनी आयलंडचा समुद्र दाखवायला सगळे याच गाडीने नेतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड तासाच्या आसपास जातो. आणि ही सबवे रात्रभर चालते, मुंबईसारखी मध्यरात्रीनंतर बंद नाही होत. तेव्हा २ डॉलर ९० सेंट तिकीट होतं, एकदा आत शिरलं की बाहेर पडेपर्यंत कोणी विचारत नाही, डब्यात हीटर चालू. डिसेंबरच्या थंडीत ज्याला घर नाही तो कुठे झोपणार? लांब पल्ल्याची लाइन पकडतो, या टोकाला जातो आणि परत येतो. सकाळच्या गाडीत एखाद्या कोपऱ्यात ब्लँकेट गुंडाळून झोपलेलं माणूस दिसलं की आपण मुकाट्याने डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. सगळेच तसं करतात. म्हणजे त्या बाईच्या आजूबाजूने त्या आठवड्यात शेकडो लोक गेले असतील, आणि पाहिलंय म्हणून सांगायला पुढे येणारं कोणी नाही.

आरोपी मात्र त्याच दिवशी सापडला. बाकावर बसलेला असताना आग विझवायला आलेल्या पोलिसांच्याच बॉडी कॅमेऱ्यात त्याचा चेहरा स्पष्ट आला होता, पोलिसांनी ते फोटो टाकले, आणि हायस्कूलच्या तीन पोरांनी त्याला दुसऱ्या ट्रेनमध्ये ओळखून ९११ला, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या इमर्जन्सी नंबरला, फोन लावला. पुढच्या स्टेशनांना निरोप गेला, गाडी थांबवली, दारं बंद ठेवून डबा डबा शोधला आणि मॅनहॅटनच्या हेराल्ड स्क्वेअर स्टेशनात त्याला उचलला. माणूस ग्वाटेमालाचा, २०१८ला एकदा परत पाठवलेला आणि पुन्हा चोरून आलेला. जानेवारीत कोर्टात त्याने गुन्हा नाकबूल केला. तर त्याचं नाव, गाव, इमिग्रेशनची सगळी कुंडली लगेचच जगाला पाठ झाली. आणि मेली ती कोण, ते कोणालाच माहीत नाही.

इथून लोकांचं डोकं फिरायला लागलं. दोन दिवस, तीन दिवस, ख्रिसमस आला नि गेला, नाव नाही. मग "सरकार लपवतंय", "नाव सांगितलं तर राजकारण अंगाशी येईल" वगैरे. आमच्याकडे ठाण्याहून मावशीचा व्हॉइस मेसेज, की अमेरिकेत एवढे कॅमेरे, एवढी टेक्नॉलॉजी, आणि एका बाईचं नाव सापडत नाही म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे बघ.

काळंबेरं काही नव्हतं गं मावशे. जळालेल्या शरीराची ओळख पटवणं हे सिरियलमध्ये दाखवतात तसं कॉम्प्युटरवर टिंग वाजून होत नाही. मुख्य रस्ते तीन, बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. आणि तिन्हीत अडचण एकच, की जुळवून बघायला समोर काहीतरी पाहिजे. ठसे घेतले, पण ते आधी कुठल्या रेकॉर्डला असतील तरच नाव निघणार, आणि भाजलेल्या बोटांवरून नीट ठसा उतरवणं हेच मुळात कसबाचं काम. दातांचा एक्सरे काढला, पण तो कुठल्या डेंटिस्टच्या फायलीशी ताडायचा, ते कळायला आधी कोण असावी याचा अंदाज तरी लागतो. डीएनएचं तेच, आई नाही, बहीण नाही, मूल नाही तर त्या नुसत्या आकड्यांचं करायचं काय. कोणी "आमची बाई हरवलीय" म्हणून तक्रार दिली असेल तर सगळंच सोपं जातं. पण ज्याचा घराशी संबंध सुटलाय त्याची तक्रार द्यायला असतं कोण? शिवाय घाईत चुकीचं नाव जाहीर झालं तर कुठल्यातरी भलत्याच घरात रडारड, आणि खऱ्या घराला पत्ताच नाही. म्हणून तपास करणारे लोक एकीकडे ठसे, दुसरीकडे स्टेशनांचे कॅमेरे उलटे बघत बसलेले, ही चढली कुठे, त्याच्या आधी कुठे होती.

आता तो फोटो. पोलिसांनी नाव दिलं नाही तर इंटरनेटने देऊन टाकलं! अमेलिया कार्टर. एक गोरी, तरुण, हसरी पोरगी, पाठीमागे छान उजेड, केस अगदी जाहिरातीतल्यासारखे, आणि खाली "हिचं नाव घ्या, मीडिया घेणार नाही". पुष्कळ लोकांनी शेअर केला. अमेलिया कार्टर नावाची अशी कुणी बळी नव्हतीच, फोटो एआयने बनवलेला. आमच्या ग्रुपवर तो हात जोडलेल्या इमोजींसकट आला, खाली एका काकांनी "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकली, त्यावर सतरा जणांनी अंगठा. मी लिहिलं की हे खोटं आहे, तर उत्तर आलं, अगं फोटो खोटा असेल पण घटना तर खरी आहे ना. यावर काय बोलणार.

मला त्या फोटोचा राग खोटेपणामुळे जेवढा आला त्याहून जास्त तिच्या निवडीमुळे आला. काहीच माहीत नसताना बाई बनवायची होती ना, मग सुंदर का, तरुण का? कारण रडायला अशीच बरी पडते. ट्रेनमध्ये झोपलेली, पिशव्या घेतलेली, वय झालेली बाई कोणी एआयला सांगून बनवत नाही, तिच्या फोटोखाली मेणबत्ती लावायला लोक येत नाहीत. आणि ज्यांना आरोपी कुठून आला एवढ्याच्याच बातमीत रस होता त्यांना तर बळी कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं, पोस्टरवर लावायला एक चेहरा हवा होता, तो मिळाला. हे बोलले की लोक म्हणतात तू चोरून येणाऱ्यांच्या बाजूची. कुणाच्या बाजूची? मी मेलेल्या बाईच्या बाजूची आहे, ती दोन्हीकडच्या भांडणात कुठेच नव्हती. हां, तिच्यासाठी खरोखर जमलेले लोकही होते, ख्रिसमसनंतर त्याच स्टेशनवर थोडे लोक फुलं घेऊन उभे राहिले, नाव माहीत नसताना. तेही लिहायला पाहिजे.

३१ डिसेंबरला पोलिसांनी नाव जाहीर केलं. ठशांवरून पटलं. ५७ वर्षांची बाई, न्यू जर्सीची, आणि थोड्याच काळापूर्वी न्यूयॉर्क शहराच्या बेघरांसाठीच्या निवाऱ्यात येऊन गेलेली. तिचं नाव मी इथे लिहीत नाहीये, हवं त्याला ते सहज मिळेल. खोटं नाव बिनधास्त लिहिलं कारण ते कोणाचंच नाही. खऱ्या नावामागे घरचे आहेत आणि त्या व्हिडिओच्या शेजारी ते नाव अजून एका ठिकाणी टाकून मी काय मिळवणार. नाव आल्याबरोबर दुसरा अंक सुरू झाला, तिचे तरुणपणीचे फोटो, शाळा, नोकरी, कुठे राहायची, आणि मग हमखास येणारा प्रश्न, "घरचे काय करत होते?" अरे बाबांनो, घरचं माणूस हातातून सुटत जातं तेव्हा काय काय होतं हे ज्याने बघितलंय तो हा प्रश्न विचारत नाही. मोठं झालेलं माणूस धरून ठेवता येत नाही. फोन लागेनासा होतो, मग नंबर बदलतो, मग कुणीतरी सांगतं की अमक्या ठिकाणी दिसली होती.

मावशीला मी एवढंच म्हटलं की तू दादरला, ठाण्याला रेल्वे पोलिसांच्या चौकीबाहेरचा फळा कधी वाचलायस का. तिथे मृतांचे फोटो लावलेले असायचे, आपण नजर चुकवून पुढे जायचो. खाली ठरलेल्या थाटातला मजकूर, अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात फिकट निळा फुल शर्ट, नेसणीस करडी पँट, उजव्या हातावर गोंदलेलं. त्या गोंदणावरच पुष्कळदा सगळं अवलंबून. अक्षर मराठी की हिंदी की अजून कुठलं यावरून कुठल्या राज्याच्या पोलिसांना कळवायचं ते ठरतं, शर्टाच्या कॉलरमागे शिंप्याची चिठ्ठी असली तर त्यावरून गाव निघतं. मुंबईच्या लोकलवर अजूनही वर्षाला दोन हजारांच्या वर माणसं मरतात, बहुतेक रूळ ओलांडताना नाहीतर गाडीतून पडून, आणि त्यातले बरेच बेवारस राहतात. पुढे रेल्वे पोलिसांनी ही माहिती "शोध" नावाच्या वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली, म्हणजे दूरच्या गावात बसलेल्या माणसालाही बघता यावी. चांगलं काम आहे, पण बघायला आधी कुणीतरी शोधत असायला पाहिजे.

आणि खून असला तर? ऑगस्ट २०२४चं दादरचं आठवत असेल. तुतारी एक्सप्रेसला एक माणूस चाकांची भलीमोठी बॅग चढवायला धडपडत होता, रेल्वे पोलिसांना संशय आला, उघडली तर आत मृतदेह. आता आरोपी समोर आहे, प्रेत समोर आहे, तरी हा मेलेला कोण हे विचारायची सोय नाही, कारण पकडलेला माणूस मूकबधिर. मध्यरात्री साइन लँग्वेज येणारं माणूस आणायचं कुठून? शेवटी पोलिसातल्याच एका हवालदाराचा मुलगा, ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, त्याला घरून बोलावलं, आणि त्याने हातवाऱ्यांनी विचारून विचारून सगळं काढलं, खून कुठे झाला, आणखी कोण होतं, मेलेला कोण. मेलेलाही मूकबधिरच निघाला, सांताक्रूझकडचा. त्या पोराचं मला फार कौतुक वाटतं. त्या प्रकरणावरही तेव्हा व्हॉट्सॲपवर काय वाटेल ते फिरत होतं, अर्थातच.

म्हणून मावशी "एवढे दिवस का लागले" म्हणते तेव्हा मला ते पटत नाही. रविवारी सकाळी गेलेली बाई, ओळखपत्र नाही, शोधणारं कोणी दारात आलेलं नाही, शरीराची ती अवस्था, त्यात ख्रिसमसची सुट्टी, आणि नऊ दिवसांत नाव पटलं. मी तर म्हणेन लवकर पटलं. आणि परवा ग्रुपवर जो फोटो परत आला तो अमेलियाचाच होता, या वेळी खाली वर्षसुद्धा चुकीचं टाकलेलं. काकांनी परत श्रद्धांजली वाहिलीय.