आमची वाटचाल : ‘सर्टिफिकेटवाले मिस्त्री’

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला घरबांधणीची कामं घेणाऱ्यांत आयटीआय करून आलेले असे आम्ही दोघंच होतो. माझा ट्रेड गवंडीकाम. एक वर्षाचा, आठवी पासवर मिळायचा, म्हणून त्याला कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांची धाव इलेक्ट्रिशियनकडे. भागीदाराचा ट्रेड दोन वर्षांचा, ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा. २००९ ला धंदा सुरू केला. पुढची वर्षं बरी गेली, मिक्सर घेतला, स्लॅबखाली साचा लावायच्या सेंटरिंगच्या प्लेटा घेतल्या.

मग २०१६ ला जिल्ह्याच्या गावाहून एक ठेकेदार उतरला. नाव घेत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. चौरस फुटाचा भाव त्यानं आमच्यापेक्षा बराच खाली लावला. वर लोकांना सांगायचा, “त्या सर्टिफिकेटवाल्या मिस्त्र्यायच्या नादी काहून लागता? कागद वाचून भिंत उभी राह्यते का?” त्याला तो भाव कसा परवडतो, हे आम्हाला दिसत होतं. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकणारच. हा गडी वरच्या वर थांबायचा. पण गिऱ्हाइकाला भाव दिसतो, पाया मातीखाली जातो. त्यातच रोजची मजुरी वाढवून त्यानं आमचे सेंटरिंगवाले फोडले, तेही ऐन स्लॅबच्या तोंडावर. नोव्हेंबरात नोटाबंदी आली. मजुरांच्या आठवड्याच्या चुकाऱ्याला रोख नाही, सिमेंटवाल्याची उधारी तुंबलेली. मिक्सर विकला तेव्हा भागीदार दोन दिवस बोलला नाही.

तेव्हा आम्हाला तारलं ते एका निवृत्त गुरुजींनी. दोन्हीकडचे भाव ऐकून ते आमच्याकडे आले आणि एवढंच विचारलं, “पाया किती खोल?” भागीदार म्हणाला, “खोदल्यावर सांगतो, गुरुजी.” काम आम्हाला मिळालं.

आखणीच्या दिवशी ते स्वतः लेव्हल पाईपचं, म्हणजे पातळी बघायच्या पाणी भरलेल्या नळीचं, एक टोक धरून उभे. पाण्यात बुडबुडा राहिला तर पाईप सरळ खोटं बोलतो, म्हणून नळी झटकून, बोटानं टिचक्या मारून हवा काढायची, तेवढा वेळ ते हलले नाहीत. काटकोनाला नुसत्या गुण्यावर, म्हणजे मिस्त्रीच्या काटकोनी पट्टीवर, भागवलं नाही. सूत लावून ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण जुळवला, मग खोलीचे दोन्ही कर्ण मोजले. काळी माती काढून मुरूम थराथरानं, पाणी मारून, धुम्मसनं ठोकला. स्लॅब पडला मे महिन्यात. स्लॅब ओला राहावा म्हणून त्यावर वाफे पाडून पाणी भरायचं काम गुरुजींनी कोणाला दिलंच नाही. पुढं त्यांच्या दोन्ही जावयांची घरं आम्हीच बांधली.

पोरांनो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. गवंडी ट्रेडला नाक मुरडू नका. नुसती थापी चालवून मात्र भागत नाही; नकाशा वाचायला आणि सळईची यादी काढायला शिका, म्हणजे सुपरवायझरची वाट मोकळी होते. वर्षात ९० दिवस कामाचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून टाका. आणि वीट भिजवल्याशिवाय लावू नका, मालक कितीही घाई करो.

त्या ठेकेदाराचं आता बसस्टँडसमोर ऑफिस आहे. आमच्याकडे शिकलेली दोन आयटीआयची पोरं त्याच्याकडे सुपरवायझर आहेत. पाया कुठवर न्यायचा ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. तो नेऊ देतो का, ते त्यांनाच विचारा.