हवेचा सोफा, ट्रकच्या ट्यूबा आणि पेज नदी

मुंबई शहरातून मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा अशा चार नद्या वाहतात, आणि शहरातल्या त्यांच्या पाण्यात पाय बुडवायची माझी तयारी नाही. म्हणून हवेच्या सोफ्यावर पडून नदीत तरंगायचं ठरलं की सरळ कर्जत लोकल पकडायची.

कर्जतजवळची पेज निवडली ती पाण्यासाठी. सह्याद्रीच्या या अंगाच्या बऱ्याच नद्या होळीपर्यंत डबक्यांवर येतात, पेज मात्र वाहती राहते. वर भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे, १९२२ सालापासूनचं. घाटमाथ्यावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि नदीला लागतं. पुढे पेज उल्हासला मिळते. थंडीच्या दिवसांत पाणी स्वच्छ, कमरेइतकं, आणि सोफ्यावर पडून पुढे सरकायला पुरेल एवढी ओढ असलेलं.

सोफा म्हणजे पाहुणे आले की फुगवायचा तो, वर मखमली थर असलेला पीव्हीसीचा. नदीसाठी तो बनवलेलाच नसतो, हे आधी डोक्यात घ्यावं. मखमल पाणी पिते आणि जड होते, पाठ उंच असल्याने वाऱ्याने गरगर फिरतो, आणि बूड अरुंद असल्याने जरा कलंडलात की गेलात पाण्यात. तरी लोक सोफ्याला ग्लास ठेवायच्या जागा आणि छत्र्या लावण्यातच वेळ घालवतात. माझ्या मते खरी करामत एकच : सोफा पाण्यालगत बसवायचा आणि बूड रुंद करायचं. बाकी सगळी हौस. दोन माणसांचा सोफा घेऊच नका. एक उठला की दुसरा पडतो. एकट्याची खुर्चीच बरी.

आम्ही खाली ट्रकच्या दोन ट्यूबा लावल्या, ९००-२० मापाच्या. कुर्ल्याला जुन्या टायर-ट्यूबवाल्यांकडे मिळतात, पण ट्यूबलेस टायर आल्यापासून शोधाव्या लागतात. पंक्चरवाल्याकडून पाण्यात बुडवून तपासून घ्याव्यात. दोन्ही शेजारी ठेवून वर कड्यांची ताडपत्री ताणली आणि त्यावर सोफा. पाठीचा कप्पा वेगळा असेल तर त्यात अर्धीच हवा भरायची आणि पाठ मागच्या ट्यूबला खाली ओढून बांधायची. म्हणजे तो सोफा न राहता आरामखुर्ची होतो आणि वाऱ्याला धरायला काही उरत नाही.

बांधायला दोरी नको. उन्हात तापलेली ट्यूब गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते, ट्यूब मऊ पडते आणि काठावर करकचून मारलेली गाठ नदीत ढिली होते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा आणि त्या ताणून गुंडाळा. ट्यूब आकसली तरी पट्टी तिच्यामागे जाते, आणि पीव्हीसीला काचत नाही. हवेचंही तसंच. काठावर थोडी कमी भरायची, सगळं पाण्यात दहा मिनिटं ठेवायचं, मग पायपंपाने उरलेली. गच्च भरलेला सोफा उन्हात काठावर ठेवला तर शिवण उसवते. ट्यूबच्या पितळी वॉल्वलाही पट्टी गुंडाळायला विसरू नका, नाहीतर पोटरीवर ओरखडा ठरलेला.

ठिगळाबद्दल पंक्चरवाल्याला विचारलं, "भाऊ, ट्यूबचं सोल्युशन या सोफ्याला चालेल का?"

"साहेब, हे रबर नाय, प्लास्टिक आहे. आज लावा, उद्या सुटून हातात येईल."

त्याचं बरोबर आहे. पीव्हीसीला पीव्हीसीचंच ठिगळ आणि त्याचाच गोंद लागतो. आधी तेवढ्या जागेची मखमल पॉलिश पेपरने साफ घासून काढायची, मग चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. पाइप जोडायचं सोल्युशन वापरू नका, ते वाळून कडक होतं आणि घडीवर तडकतं.

कर्जत स्टेशनपासून टमटमने नदीकाठच्या गावापर्यंत गेलो. सामान उतरवताना धुणं धूत बसलेल्या एका मावशींना विचारलं, "मावशी, पाणी कधी वाढतं?"

"वरून सोडलं की वाढतं. त्याला टायम नाय."

या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच. वीज जशी लागेल तसं पाणी सुटतं, वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. सोफा फुगवेपर्यंत पाण्याच्या कडेला एक काडी खोचून ठेवा. काडी बुडत चालली तर काठावर बसून वडापाव खा. पाणी एका पातळीवर थांबल्याशिवाय उतरायचं नाही, आणि लहान पोरं सोबत असतील तर मुळीच नाही.

पाण्यात पहिला अर्धा तास निव्वळ सुख. वल्ह्यांऐवजी केर भरायच्या प्लास्टिकच्या सुपड्या नेल्या होत्या, प्रत्येक हातात एक. याहून स्वस्त आणि मस्त वल्हं मला माहीत नाही. उथळ जागी गोटे सुरू झाले की ताडपत्रीखालून खरखर ऐकू येते. तिथे जोर न करता उतरायचं, सोफा उचलून पुढे ठेवायचा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून अंतर सकाळीच कापावं.

बंधारा दिसला की बराच आधी काठ धरायचा. वरून तो दोन फुटांची पायरी वाटतो, पण खाली पाणी उलटं फिरत असतं, आणि त्या भोवऱ्यात सापडलेलं माणूस जॅकेट असूनही सुटत नाही. सोफा खांद्यावर घेऊन चालत पलीकडे जा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवंच, आणि स्वतःला किंवा दोन सोफ्यांना लांब दोरीने बांधू नका, दोरी झाडाच्या मुळात अडकते. मासेमारीची जाळी आणि शेतपंपाचे पाइप दिसले की लांबून वळसा. नदी त्यांच्या रोजच्या कामाची आहे, आपण रविवारचे. पावसाळ्यात हा विषयच काढू नये; तेव्हा तालुक्यात धबधबे आणि धरणांवर मनाई हुकूमही निघतात.

बाहेर कुठे पडायचं ते आधी ठरवा. रस्त्याचा पूल उत्तम, टमटम तिथपर्यंत येते. ट्यूबांची हवा काठावरच सोडा, वॉल्वची पिन काढायची चावी खिशात असू द्या. फलाटावर हे करायला गेलात तर लोकल निघून जाते. घरी आल्यावर मखमल दोन दिवस गॅलरीत वाळवा आणि घडी घालण्याआधी टाल्कम पावडर मारा, नाहीतर पुढच्या पाहुण्यांना बुरशीच्या वासात झोपावं लागेल.